दुखावलेल्या माणसासमोर ख्रिस्ताचे नाव कसे घ्यावे

ज्याने ख्रिस्ताचे नाव कधी ऐकलेले नाही, त्याच्याशी बोलणे त्या मानाने सोपे असते. अवघड असते ते अशा माणसाशी बोलणे, ज्याने ते नाव पुष्कळ ऐकले, लहानपणी संडे स्कूलमध्ये गीतेही पाठ केली, आणि पुढे ते नाव घेणाऱ्यांनीच ज्याला पंगतीबाहेर, नात्याबाहेर किंवा दफनभूमीबाहेर ठेवले. विदर्भाच्या खेड्यांत अशी माणसे थोडी नाहीत. अमरावती, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्च, आहेत. अचलपूरजवळच्या कोठारा येथील कुष्ठरुग्णालयाने, वाशीमच्या रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालयाने आणि यवतमाळ जिल्ह्यातील उमरीच्या ख्रिस्ती रुग्णालयाने जी सेवा केली, ती मोठी आहे. तथापि ज्या बाईला मंडळीतल्या माणसाने चारचौघांत अपमानित केले, तिला त्या रुग्णालयांची थोरवी सांगून काहीही साधत नाही.

हे मार्गदर्शन अशा व्यक्तीकडे जाऊ इच्छिणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातील मुख्य सूचना एकच आहे: मंडळीची बाजू घेऊ नका. दुखावलेल्या माणसाची तक्रार पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्याच्याही आधी, त्याच्याहून कडक शब्दांत लिहून ठेवलेली आहे, आणि त्या तक्रारीत ख्रिस्त त्याच्या बाजूला उभा आहे. हे त्याला प्रथम आपल्या वागण्यातून दिसावे आणि नंतर, त्याने विचारल्यास, आपल्या तोंडून ऐकू यावे.

जखम कोणती, हे आधी ओळखावे

दुखावलेले म्हणून सगळ्यांना एकाच रांगेत बसवू नये. सर्वांत जुनी जखम जातीची आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यानंतरच्या काळात विदर्भात निरनिराळ्या जातींतून लोक मंडळीत आले, पण प्रभुभोजनाला एकत्र बसणारी माणसे मुलीचे लग्न ठरवताना पूर्वीची जात विचारतात, हे आपल्यापैकी कोणीही प्रामाणिकपणे नाकारू शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजातील या भेदावर स्पष्ट बोट ठेवले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, आणि ज्या वस्त्यांनी ती वाट धरली तेथे आपण गेलो, तर ‘तुमच्याकडेही तेच होतं’ एवढ्या एका वाक्यात कोणीही आपल्याला थांबवू शकतो. अशा वेळी वाद घालू नये, कारण ते खरे आहे. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून वेगळा बसू लागला, तेव्हा प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर दोष दिला, असे गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पंगतभेद हा सुवार्तेचाच, म्हणजे ख्रिस्ताच्या शुभसंदेशाचाच, भंग आहे, असे पौलाने मानले होते. ते आपण मानतो की नाही, हे समोरचा माणूस आपल्या तोंडून नव्हे, तर आपल्या घरातल्या सोयरिकींवरून ठरवणार आहे.

दुसरी जखम मृत्यूची आहे, आणि आपल्या भागात तिच्याविषयी सविस्तर बोलणे भाग आहे. नापिकी, कर्ज आणि कापसाचा पडलेला भाव यांनी जी घरे उद्ध्वस्त केली, त्यांत ख्रिस्ती घरेही आहेत. ज्या शेतकऱ्याने कीटकनाशक घेऊन जीव दिला, त्याच्या अंत्यविधीत उपदेशकाने ‘हा नरकात गेला’ असे सुचवले, किंवा दफनभूमीत जागा द्यावी की नाही यावर मंडळीच्या वडीलजनांनी त्याच घराच्या अंगणात उभे राहून खल केला, तर त्या विधवेच्या मनात मंडळीविषयी काय उरेल, याचा विचार करावा. असे करणाऱ्यांना शास्त्रही नीट ठाऊक नसते. शौल राजा स्वतःच्या तलवारीवर पडून मेला, तरी याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालत गेले, त्याचे प्रेत शत्रूच्या भिंतीवरून उतरवून आणले, त्याच्या अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला. आणि दावीदाने त्यांना त्या कामासाठी आशीर्वाद दिला. अहीथोफेलाने गळफास घेतला, तरी त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरले गेले. जीव देणाऱ्याला पुरण्यास शास्त्रात कोठेही मनाई नाही, आणि त्याच्या आत्म्याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणत्याही पाळकाला (पास्टरला) दिलेला नाही. अशा घरी जाणाऱ्याला हे दोन उतारे ठाऊक असलेच पाहिजेत. ते पहिल्याच भेटीत वाचून दाखवायचे नाहीत. पण त्या बाईने एक दिवस ‘ते म्हणत होते ते खरं आहे का?’ असे विचारले, तर आपण चाचपडता कामा नये.

तिसरी जखम आजाराची आहे. सिकलसेल पूर्व विदर्भातील पुष्कळ घरांत आहे, आणि तो आईवडील दोघांकडून रक्तातून आलेला असतो. अशा मुलाच्या अंगात कळा सुटतात तेव्हा त्याच्या आईला ‘घरात काही पाप लपलेलं असेल’ किंवा ‘गोळ्या बंद करा, प्रार्थनेवर विश्वास ठेवा’ असे कोणी सांगितले असेल, तर तो नुसता कठोरपणा नसतो, त्यात मुलाच्या जिवाला धोका असतो. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हेच विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे; आणि येशूने दोन्ही नाकारले.

याखेरीज दशांशावरून, म्हणजे मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यावरून, झालेला अपमान, संस्थेच्या जमिनी आणि नोकऱ्यांवरून झालेली भांडणे, प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली घरची गोष्ट दुसऱ्या दिवशी गावभर झालेली असणे, अशा जखमा आहेत. आणि शेजारच्या हिंदू किंवा बौद्ध घरांना आपल्या बोलण्याने झालेली जखम वेगळीच आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

भेटीस जाण्यापूर्वी

गटाने जाऊ नये. ज्या माणसाला मंडळीच्या घोळक्याने घाबरवले आहे, त्याच्या दारात पुन्हा पाच जण आणि एक ढोलकी घेऊन उभे राहणे, हे त्याला त्या दिवसाची आठवण करून देणे होय. एकट्याने किंवा दोघांनी जावे. बाई एकटी राहत असेल, तर पुरुषाने पत्नीला किंवा बहिणीला सोबत घ्यावे. हा केवळ लोकलज्जेचा प्रश्न नाही, काही स्त्रियांच्या बाबतीत जखमच त्या प्रकारची असू शकते. शक्य असल्यास आधी विचारून जावे. पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी जाऊ नये, कारण दिवसभर कमरेला ओटी बांधून कापूस वेचलेल्या, वजनाप्रमाणे मजुरी घेऊन नुकत्याच घरी पोहोचून चूल पेटवत असलेल्या बाईकडे आपले बोलणे ऐकण्याइतके त्राण नसते, आणि पाहुण्याला ‘नंतर या’ म्हणण्याची आपल्याकडे रीत नसल्यामुळे ती केवळ सोसत बसते.

पवित्र शास्त्र पिशवीत असावे, हातात नको. फोटो काढू नये. त्या घरी काय ऐकले ते व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना गटावर टाकू नये, नाव न घेताही टाकू नये, कारण खेड्यात नाव न घेता सांगितलेली गोष्टही ओळखू येते.

मदत आणि सुवार्ता यांची गाठ बांधू नये. खताची पिशवी, मुलाची फी, दवाखान्याचा खर्च देण्याची ऐपत असेल, तर अवश्य द्यावे. पण त्याच भेटीत धर्माचे बोलू नये आणि नंतरही त्या मदतीची आठवण करून देऊ नये. विदर्भात या गोष्टीचा इतिहास आहे. १९५४ मध्ये, नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असताना, त्या सरकारने डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली, आणि १९५६ च्या तिच्या अहवालात आमिष दाखवून धर्मांतर केल्याचे आरोप नोंदवले गेले. त्या अहवालाविषयी कोणाचे मत काहीही असो, देणाऱ्याच्या हाताकडे संशयाने पाहण्याची सवय त्यामुळे पक्की झाली. तो संशय दूर करण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे देणे आणि सांगणे ही दोन कामे उघडपणे वेगळी ठेवणे.

आपण का जात आहोत, हेही स्वतःला विचारावे. रविवारच्या हजेरीत एक डोके वाढावे म्हणून जात असलो, तर जाऊ नये. समोरच्याला ते पहिल्या चहाच्या आतच कळते.

ऐकणे

बायबलातील ईयोबावर संकटे कोसळल्यावर त्याचे मित्र त्याच्याकडे आले, तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले आणि एकही शब्द बोलले नाहीत. तेवढेच त्यांचे काम चांगले झाले. नंतर त्यांनी तोंड उघडले, देवाची बाजू मांडली, ईयोबालाच दोषी ठरवले. आणि पुस्तकाच्या शेवटी देव काय म्हणतो, तर या मित्रांनी माझ्याविषयी ईयोबाप्रमाणे खरे सांगितले नाही. देवाची बाजू मांडणारे चुकले, आणि देवाकडे ओरडून तक्रार करणारा बरोबर ठरला. दुखावलेल्या माणसाकडे जाण्यापूर्वी ईयोबाच्या बेचाळीसाव्या अध्यायातील सातवे वचन दोन-तीन वेळा वाचावे, असा माझा आग्रह आहे.

ऐकताना जी वाक्ये आपल्या तोंडून सहज निघतात, तीच बहुतेक वेळा घातक असतात. ‘सगळेच तसे नसतात’ हे खरे आहे, पण त्याने फक्त आपली सुटका होते. ‘त्यांचा हेतू तसा नसेल’ म्हणजे आपण न पाहिलेल्या माणसाची वकिली. ‘आता क्षमा करून टाका’ हे तर दुखावणाऱ्याच्या बाजूचे वाक्य आहे, कारण ते त्याच्यावरचे ओझे उतरवून दुखावलेल्यावर टाकते. क्षमेचा विषय पुढे कधी तरी येईल, पण तो दुखावलेल्या व्यक्तीनेच काढावा. आणि आपल्या मंडळ्यांत सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘माणसांकडे पाहू नका, प्रभूकडे पाहा’. हे वाक्य ऐकायला भक्तीचे वाटते, परंतु स्वतः प्रभूने आपल्या शिष्यांना सांगितले होते की तुमची एकमेकांवर प्रीती असली, तर त्यावरून सर्व लोक ओळखतील की तुम्ही माझे शिष्य आहात. लोकांनी आपल्याकडे पाहावे अशी त्याचीच योजना आहे. तेव्हा आपल्याकडे पाहून ज्याचे मन मोडले, त्याने पाहण्यात चूक केलेली नाही.

याऐवजी काय म्हणावे? फार थोडे. समजा, एखादी बाई दारातल्या बाजेवर बसून तूर निवडता निवडता, आपल्याकडे न पाहताच म्हणाली, ‘पास्टर म्हणे, तुहा इस्वास कमी पडला म्हून लेकरू गेलं. आता तुमी काय सांगता मले?’ तर याचे उत्तर एवढेच आहे: ‘मावशी, ते बोलणं खोटं होतं. तुमच्यामुळे लेकरू गेलं नाही.’ एवढे बोलून थांबावे. ती कदाचित काहीच बोलणार नाही, तूर निवडत राहील, आणि पाच मिनिटांनी लेकराचे नाव सांगेल, त्याला काय आवडत होते ते सांगेल. ते ऐकावे. नाव लक्षात ठेवावे. पुढच्या भेटीत त्या नावाने त्या लेकराचा उल्लेख करावा. माझ्या मते पहिल्या भेटीचे काम येथेच पूर्ण होते. प्रार्थना करू का, असे विचारायचे असेल तर विचारावे, पण ‘आज नको’ हे उत्तर आनंदाने घ्यावे आणि दारात उभे राहून मोठ्याने प्रार्थना करण्याचा मोह टाळावा.

शिव्या ऐकण्याचीही तयारी असावी. स्तोत्रकर्ता पंचावन्नाव्या स्तोत्रात म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर मी सोसली असती, पण ती तू केलीस, जो माझा मित्र होता, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी जात असे. त्याच स्तोत्रात असे करणाऱ्यांवर मरण येवो, असेही तो म्हणतो. जे शब्द शास्त्राने आपल्या पानांत राहू दिले, त्यांचा आपल्याला राग येण्याचे कारण नाही.

कबुली आणि भरपाई

नुसते ऐकून परत येणे पुष्कळदा पुरेसे नसते. जखम आपल्याच मंडळीने केली असेल, तर ती मंडळीपुढे आणण्याची परवानगी त्या व्यक्तीकडे मागावी, आणि मिळाली तरच आणावी. येशू जकातदार जक्कयाच्या घरी उतरला तेव्हा जक्कयाने नुसते रडून भागवले नाही; ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो, असे तो उभा राहून म्हणाला. भरपाई जखमेच्या मापाची असावी. अपमान उपासनेत सर्वांसमोर झाला असेल, तर त्याची दुरुस्तीही उपासनेत सर्वांसमोर व्हावी, पाळकाच्या खोलीत हळूच नव्हे. नाव नोंदवहीतून खोडले असेल तर ते पुन्हा लिहावे. दफनभूमीच्या कडेला, कुंपणापलीकडे पुरलेल्या माणसाच्या कबरेवर मंडळीने स्वखर्चाने क्रूस उभारावा, घरच्यांची इच्छा असल्यास वर्षाच्या दिवशी तेथे जाऊन प्रार्थना करावी. वर्गणीवरून कोणाला तोडून बोलले असेल, तर ती वर्गणी परत देण्याचीही लाज वाटू नये. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात देव मेंढपाळांना सांगतो की तुम्ही दुबळ्यांना बळ दिले नाही, जखमीला पट्टी बांधली नाही, जबरदस्तीने सत्ता चालवली, म्हणून मीच माझी मेंढरे शोधीन. वडीलजनांच्या बैठकीत हा अध्याय पूर्ण वाचावा आणि मगच चर्चेला आरंभ करावा.

ज्याने दुखावले त्याला माफी मागण्यासाठी अचानक त्या घरी नेऊ नये. समेट घडवून आणल्याचे समाधान आपल्याला मिळते, आणि ती व्यक्ती स्वतःच्या घरात कोंडली जाते.

काही गोष्टी मंडळीत मिटवायच्या नसतात, आणि येथे मला अगदी स्पष्ट बोलायचे आहे. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पाळक, वडीलजन, वसतिगृहाचे अधीक्षक यांपैकी कोणालाही त्यातून सूट नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात स्वतः येशू म्हणतो. मंडळीचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसणाऱ्याने त्या लेकराला पुढे सुवार्ता सांगायला जाऊ नये.

बोलण्याची वेळ आणि बोलण्याचा विषय

लूकाच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर जे घडले, तोच नमुना मी पुढे ठेवतो. दोन शिष्य निराश होऊन यरुशलेमेपासून दूर चालले आहेत. त्यांच्याच धर्मपुढाऱ्यांनी त्यांच्या गुरूला मरणदंडासाठी परक्यांच्या हाती दिले आहे. येशू त्यांच्या बरोबरीने चालू लागतो, त्यांना परत फिरवत नाही, ते ज्या दिशेने जात आहेत त्याच दिशेने चालतो. तो प्रथम विचारतो, तुम्ही कशाविषयी बोलत आहात? ते उदास होऊन उभे राहतात. सगळे ठाऊक असूनही तो ‘काय झाले?’ असे पुन्हा विचारतो आणि त्यांना सारी हकिकत सांगू देतो, ‘आमची आशा होती’ हे वाक्य त्यांच्या तोंडून पूर्ण बाहेर पडू देतो. त्यानंतरच तो शास्त्र उलगडतो. गाव आल्यावर तो पुढे जाणार असे दाखवतो. ते आग्रह करतात, तेव्हाच तो घरात शिरतो. विचारणे, ऐकणे, सोबत चालणे, सांगणे आणि मग निघण्याची तयारी दाखवणे, हा क्रम आपण सहसा मोडतो, कारण आपल्याला सांगण्यापासून आरंभ करण्याची घाई असते.

प्रश्न त्यांच्याकडून येईपर्यंत थांबावे. तो साधाच असतो: ‘मग तुम्ही कावून अजून तेथे जाता?’ याचे उत्तर पाठ केलेली साक्ष नसावे. मंडळीत आपणही काय पाहिले, तरी ख्रिस्ताला का सोडले नाही, हे चार वाक्यांत सांगावे. त्यांना वाचण्याची इच्छा असेल, तर योहानाच्या नवव्या अध्यायापासून आरंभ करणे मला सर्वांत योग्य वाटते. त्यात बरा झालेला आंधळा धर्मपुढाऱ्यांना न घाबरता उत्तर देतो, म्हणून ते त्याला बाहेर घालवतात. त्याचे आईबापसुद्धा भीतीपोटी हात झटकतात. आणि पस्तिसाव्या वचनात असे आहे की त्याला बाहेर घालवले हे ऐकल्यावर येशू त्याला गाठतो. बहिष्कृत माणसाला हे वचन समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर मार्काचे शुभवर्तमान सलग वाचावे, कारण ते लहान आहे आणि येशू काय करतो हे त्यात ठळक दिसते. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशूने धर्मपुढाऱ्यांना सुनावलेले खडे बोलही लपवू नयेत. जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर ठेवणाऱ्यांविषयी तो जे म्हणतो, ते ऐकून ‘हे तर आमच्याच गावचं लिहिलं आहे’ असे कोणी म्हणाले, तर होय म्हणावे.

घाई न करता दिलेल्या पुस्तकाचे काम किती खोल जाते, याचे उदाहरण आपल्याच भागातले आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी आदराने गप्पा मारल्या आणि त्यांना नवा करार दिला. त्यातील येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना टिळकांचे मन त्यात गुंतले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे घर मोडले, त्यांनी अपार सोसले, आणि त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या गतीने. मधली वर्षे ज्यांना वाया गेल्यासारखी वाटतात, त्यांनी दुखावलेल्यांमध्ये काम करू नये.

शेजाऱ्याच्या देवघरासमोर

ज्या हिंदू घराला ‘तुमचे देव दगड आहेत’ असे ऐकवले गेले, ज्या बौद्ध घरात बाबासाहेबांच्या तसबिरीविषयी कोणी वेडेवाकडे बोलले, किंवा ज्या आईच्या ख्रिस्ती झालेल्या मुलाने तिच्या हातचे दिवाळीचे फराळाचे ताट परत पाठवले, तेथे आपण सुवार्ता सांगण्याच्या आधी मुलाचे किंवा विश्वासणाऱ्याचे वागणे सुधारावे लागते. त्या मुलाला प्रथम आईकडे पाठवावे. पौल अथेनैत मूर्ती पाहून मनात अस्वस्थ झाला, तरी लोकांसमोर उभा राहिल्यावर त्याने त्यांच्या भक्तिभावाचा उल्लेख करून बोलण्यास आरंभ केला आणि त्यांच्याच कवीचे वचन सांगितले. आपल्याला तुकोबांचे अभंग ठाऊक असतात. पण ते वाद जिंकण्यासाठी वापरू नयेत.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात स्पष्ट केले की त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. दुखावलेल्यांमध्ये काम करणाऱ्याला ही मर्यादा अडचणीची वाटू नये. बळ, भीती किंवा लालूच यांनी वळवलेला माणूस उद्याचा दुखावलेला माणूस असतो. जो स्वतः विचार करत आहे, त्याला परिणामही आधी सांगावेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यास तो राहत नाही. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतील जागा या गोष्टी एखाद्या घराच्या उभ्या आयुष्याचा आधार असतात. हे लपवून कोणाला बाप्तिस्म्यापर्यंत नेणे ही फसवणूक आहे, मग त्यामागचा उत्साह कितीही प्रामाणिक असो.

परत येणे, किंवा न येणे

कोणी परत यायला तयार झाले, तर जेथे जखम झाली त्याच मंडळीत यावे असा हट्ट धरू नये. तालुक्याच्या गावची दुसरी मंडळी, किंवा एखाद्या घरी दोन-तीन कुटुंबांनी मिळून केलेली प्रार्थना, एवढ्यावर काही वर्षे जाऊ द्यावीत. उपासनेला आल्यास त्यांना पुढे बोलावून साक्ष द्यायला लावू नये, त्यांच्याकडे पाहून टाळ्या वाजवू नयेत. दाराजवळ बसायचे असेल तर दाराजवळ बसू द्यावे. प्रभुभोजन घ्यावे की नाही, ते त्यांना ठरवू द्यावे. कोणत्या गीताने किंवा कोणाच्या आवाजाने त्यांना त्रास होतो, हे खासगीत विचारून ठेवावे आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला न बोलता सांभाळता यावे.

आणि ‘नाही’ असे उत्तर आले, तर ते शेवटचे उत्तर म्हणून स्वीकारावे. त्यानंतर येणे-जाणे कमी करू नये, हीच खरी परीक्षा आहे. त्यांच्या घरी तेरवी असेल तर जावे, मुलीच्या लग्नात पंगत वाढायला उभे राहावे, फवारणीचा पंप मागितला तर द्यावा, रात्री कोणाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे असेल तर गाडी काढावी. यांपैकी कशातही ख्रिस्ताचा विषय आपणहून काढू नये. त्यांनी काढला, तर गाडी चालवता चालवता उत्तर द्यावे, आणि जेवढे विचारले असेल तेवढेच द्यावे.